हासळीचे हाड आणि त्यामागची रक्तवाहिनी

(हिवरे बाजार येथे अभ्यासभेटीसाठी जमलेले गावोगावचे आरोग्य कार्यकर्ते आणि मंडळीतील सभासद यांच्यापुढे केलेले भाषण)



सकाळपासून आपण हे गाव पाहिले. डोंगरउतारावरचे चर पाहिले, बंधारे पाहिले, विहिरीत वाकून पाणी पाहिले. १९८९ साली पोपटराव पवार येथे सरपंच झाले तेव्हा हे गाव नगर तालुक्यातल्या इतर कोरड्या गावांसारखेच होते. गावात फिरताना एक नियम आपण पुन्हा पुन्हा ऐकला. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मगच पिके ठरवायची. जमिनीच्या पोटात काय आहे याचा हिशेब केल्याशिवाय तिला भोक पाडायचे नाही, असा मी त्याचा अर्थ घेते.

आता दुपारच्या सत्रात मला हाड मोडलेल्या रुग्णांविषयी बोलायला सांगितले आहे. माझा विषयही भोक पाडण्याचाच आहे, पण ते माणसाच्या हाडात पाडायचे असते. मी डॉक्टर नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली आणि बरीच वर्षे वाड्यावस्त्यांवरच्या रुग्णांना घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढलेली एक कार्यकर्ती आहे. त्यामुळे ऑपरेशन कसे करावे हे मी सांगणार नाही. रुग्णाच्या शेजारी बसणाऱ्याने काय पाहावे आणि काय विचारावे, एवढेच सांगते.

कोणते हाड?

आपला हात गळ्याखाली न्या. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्यापर्यंत जाणारे, बोटाएवढ्या जाडीचे एक वाकडे हाड लागेल. डॉक्टर त्याला क्लॅव्हिकल किंवा कॉलर बोन म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसे हासळी म्हणतात, कारण गळ्यातली चांदीची हासळी नेमकी तिथेच बसते. मोटारसायकलवरून पडले, झाडावरून पडले, बैलाने ढकलले आणि माणूस खांद्यावर आपटला, की बहुतेक वेळा हेच हाड मोडते. दहातली सुमारे आठ हाडे मध्यावर मोडतात, कारण तिथे ते सर्वांत बारीक आहे.

या हाडाच्या मागे आणि खाली काय आहे, ते नीट लक्षात घ्या. हृदयाकडून हाताला रक्त नेणारी मोठी धमनी याच हाडाच्या मागून जाते. हाताचे रक्त परत आणणारी मोठी शीर तिच्या पुढे, म्हणजे हाडाच्या आणखी जवळ असते. शेजारून हाताच्या नसांचा जुडगा जातो आणि त्याखाली फुप्फुसाचे टोक असते. हाड आणि या रक्तवाहिन्या यांच्यामध्ये एका पातळ स्नायूची गादी आहे. गळ्याकडच्या भागात हाड आणि शीर यांच्यात काही मिलिमीटरचेच अंतर असते. मध्यावर रक्तवाहिन्या हाडाच्या मागे आणि खाली असतात. खांद्याकडे जावे तसे त्या दूर सरकतात. म्हणजे एकाच हाडाचे एक टोक जास्त धोक्याचे आणि दुसरे कमी धोक्याचे.

आधी धीर देणारी गोष्ट

हे ऐकून कोणी घाबरू नये. हासळी मोडलेल्या बहुतेक लोकांच्या रक्तवाहिनीला काहीही होत नाही. बहुतेकांना ऑपरेशनही लागत नाही. गळ्यात झोळी बांधून हात विसावला, की मोठ्या माणसाचे हाड साधारण सहा ते बारा आठवड्यांत जुळते, लहान मुलांचे त्याहून लवकर. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स नीअर यांनी १९६० साली २,२३५ रुग्णांचा अभ्यास छापला. ऑपरेशनशिवाय ठेवलेल्या या रुग्णांपैकी अवघ्या तिघांचे हाड जुळले नव्हते. पुढच्या अभ्यासांत, विशेषतः टोके एकमेकांपासून फार सरकलेली असतील तर, न जुळण्याचे प्रमाण यापेक्षा बरेच जास्त दिसले. म्हणून आज काही रुग्णांना ऑपरेशन सुचवतात आणि ते योग्यच असते. हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले असेल किंवा येऊ पाहत असेल, हाड दोन सेंटिमीटरच्या आसपास आखूड झाले असेल, रक्तवाहिनी किंवा नस दुखावली असेल, किंवा कित्येक महिने होऊनही हाड जुळले नसेल, तर डॉक्टर प्लेट आणि स्क्रू बसवण्याचा विचार करतात.

आपल्या भागात मला दोन्ही टोकांची माणसे भेटतात. एक जण ऑपरेशनच्या नावानेच पळतो आणि हाड बसवणाऱ्याकडून तेल लावून चोळून घेतो. दुसरा म्हणतो, ताई, प्लेट टाका म्हणजे पुढच्या आठवड्यात कामाला जाता येईल. दोघांचाही हिशेब चुकतो. मोडलेल्या टोकदार हाडामागे मोठी शीर असताना त्यावर चोळणे धोक्याचे आहे. आणि प्लेट टाकली म्हणून हाड आठवड्यात जुळत नाही. प्लेट हाडाला जागेवर धरून ठेवते, जुळायला त्याला आपला वेळ लागतोच.

रक्तवाहिनी दुखावते कधी?

तीन वेळा. पहिली वेळ अपघाताची. मोडलेले टोक आत घुसून रक्तवाहिनी फाडते. हे क्वचित घडते, पण घडले तर जिवावर बेतते. इंग्लंडचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील २९ जून १८५० रोजी लंडनमध्ये घोड्यावरून पडले, घोडा त्यांच्या अंगावर अडखळला आणि त्यांची हासळी मोडली. २ जुलैला ते वारले. हाडामागची मोठी रक्तवाहिनी फाटली असावी, असे मानले जाते. तेव्हा एक्स-रे नव्हता आणि भूल देऊन मोठी ऑपरेशने करण्याची नुकती कुठे सुरुवात होत होती. देशातल्या सर्वांत मोठ्या माणसालाही कोणी वाचवू शकले नाही. आज अशा रुग्णाला वाचवता येते, पण तो वेळेत योग्य ठिकाणी पोहोचला पाहिजे.

दुसरी वेळ ऑपरेशनची. स्क्रू बसवण्यासाठी हाडाला ड्रिलने आरपार भोक पाडावे लागते. ड्रिल पलीकडच्या कडेतून बाहेर पडते तेव्हा समोरचा विरोध एकदम संपतो आणि हात थोडा पुढे जाऊ शकतो. भिंतीला ड्रिल मारणाऱ्या कोणालाही हा झटका माहीत आहे. इथे भिंतीच्या पलीकडे मोठी शीर आहे. म्हणून जाणकार सर्जन ड्रिलची दिशा आधी ठरवतात, किती आत जायचे त्याला रोध लावतात, हाडाच्या मागे संरक्षणासाठी हत्यार धरतात आणि स्क्रूची लांबी मोजून घेतात. जुना, न जुळलेला अस्थिभंग असेल तर काम आणखी नाजूक होते, कारण आतल्या जखमेच्या व्रणात शीर हाडाला चिकटलेली असू शकते.

इथे रक्तस्राव झाला तर तो थांबवणे अवघड का? पायाला जखम झाली तर वर पट्टा आवळता येतो, वरून दाबता येते. हासळीच्या मागे दाबायला जागाच नाही, हाडच आड येते. शिवाय शिरेला छिद्र पडले तर श्वासाबरोबर तीत हवा ओढली जाण्याचा धोका असतो. म्हणून अशा वेळी रक्तवाहिन्यांचे सर्जन, भरपूर रक्त आणि अतिदक्षता विभाग हे सर्व हाताशी असावे लागते.

तिसरी वेळ ऑपरेशननंतरची, आणि आपले काम खरे इथे आहे. स्क्रूचे टोक जास्त बाहेर राहिले किंवा प्लेट सैल झाली, तर ते टोक धमनीला रोज थोडे थोडे घासते. धमनीची भिंत झिजून तिथे रक्ताचा फुगा तयार होतो. हे आठवड्यांनी, महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही दिसू शकते. कधी शिरेत गुठळी होऊन सगळा हात सुजतो. काही ठिकाणी प्लेटऐवजी तारा घालतात. त्या तारा जागा सोडून छातीकडे सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. म्हणून तार घातलेल्या रुग्णाने ठरलेल्या तारखेला एक्स-रे चुकवू नये आणि ती काढायची तारीखही चुकवू नये.

एका तरुणाची गोष्ट

आपल्या जिल्ह्यातला एक भिल्ल तरुण दिवाळीनंतर बायकोबरोबर ऊसतोडीला गेला. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पाय घसरला आणि तो खांद्यावर आपटला. जवळच्या एका दवाखान्यात प्लेट बसवली, टाके निघाले, जखम छान भरली. डॉक्टरांनी तीन महिने वजन उचलू नको म्हणून सांगितले होते. पण मुकादमाची उचल अंगावर होती. कोयता म्हणजे जोडी. एक हात बंद पडला की जोडीचीच मजुरी बंद. सहाव्या आठवड्यात त्याने पुन्हा मोळी उचलली.

हंगाम संपवून तो गावी आला तेव्हा हासळीच्या वर लिंबाएवढी गाठ होती आणि दोन बोटांना मुंग्या येत होत्या. घरच्यांना वाटले आत पू झाला. कोणी म्हणाले शेक द्या, कोणी म्हणाले सुई टोचून पू काढून टाकू. आमची गावातली कार्यकर्ती तिथे पोहोचली. ती आठवी शिकलेली आहे. तिने गाठीवर हलकेच तळहात ठेवला. गाठ ठोके देत होती. दुसऱ्या हाताने तिने त्याची मनगटाची नाडी धरली. दोन्ही ठोके एकाच तालात. ती एवढेच म्हणाली, ‘ही गाठ जिवंत आहे, हिला सुई लावायची नाही.’ आणि तिने १०८ ला फोन केला.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून त्याला पुण्याला पाठवले. रक्तवाहिनीत औषध सोडून सीटी काढला, तेव्हा सैल झालेल्या प्लेटच्या एका स्क्रूचे टोक धमनीला घासत असल्याचे दिसले. जांघेतून नळी घालून धमनीच्या आत अस्तराची जाळी बसवली आणि नंतर तो स्क्रू काढला. हात वाचला. मुंग्या जायला बरेच महिने लागले. सुई टोचली असती तर त्या झोपडीत काय झाले असते, याचा विचार आपण आपापल्या मनात करावा.

दोष कोणाचा हे शोधण्यासाठी मी ही गोष्ट सांगितली नाही. डॉक्टरांचा सल्ला आणि उचलीचा आकडा यांच्यामध्ये आपला माणूस एकटा उभा असतो, हे आपल्या लक्षात यावे म्हणून सांगितली.

काय पाहायचे?

अपघातानंतर लगेच आणि नंतर दर काही वेळाने दोन्ही हात शेजारी ठेवून पाहा. दुखावलेला हात जास्त थंड आहे का? पांढरट किंवा निळसर आहे का? मनगटाची नाडी दोन्हीकडे सारखी लागते का? बोटे हलतात का, स्पर्श कळतो का? हासळीच्या आसपासची सूज बघता बघता वाढते आहे का, तिच्यात ठोका आहे का? सगळा हात फुगून जड झाला आहे का? श्वास लागतो का, चक्कर येते का? यातले एक जरी दिसले, तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि फोनवर आणि दवाखान्यातही ते लक्षण स्पष्ट शब्दांत सांगा. नुसते ‘खांदा मोडला’ म्हणू नका, ‘खांदा मोडला आणि हात थंड पडला आहे’ असे म्हणा. या एका वाक्याने पुढच्या डॉक्टरांचे लक्ष योग्य जागी जाते.

एक सावधगिरी. नाडी लागते म्हणून सर्व ठीक आहे असे समजू नका. खांद्याभोवती लहान रक्तवाहिन्यांचे जाळे मोठे आहे. मुख्य धमनी दुखावली तरी आडवाटेने रक्त मनगटापर्यंत पोहोचू शकते. पुण्याला गेलेल्या त्या तरुणाची नाडी लागतच होती. तसेच, साध्या एक्स-रेत हाड दिसते, रक्तवाहिनी दिसत नाही. शंका असेल तर डॉक्टर डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफी करून घेतात.

काय विचारायचे?

ऑपरेशन ठरले की सहीसाठी कागद पुढे येतो. आपले लोक अंगठा उठवतात आणि कागद परत देतात. त्या वेळी आपल्यापैकी कोणीतरी शेजारी असावे आणि नम्रपणे पाच प्रश्न विचारावेत. हे ऑपरेशन केले नाही तर काय होईल, झोळीत हात ठेवून चालेल का? हाड कुठे मोडले आहे, गळ्याकडे की खांद्याकडे? रक्तवाहिनी ठीक आहे का, हे कसे पाहिले? ऑपरेशनमध्ये मोठा रक्तस्राव झाला तर रक्ताची आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनची सोय इथे आहे का, नसेल तर कुठे न्यायचे? आणि घरी गेल्यावर कोणत्या दिवशी परत यायचे?

चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. माझा अनुभव उलटा आहे. प्रश्न विचारणारा नातेवाईक पुढची तारीखही पाळतो, हे त्यांना ठाऊक असते. साधा अस्थिभंग असेल तर तालुक्याच्या ठिकाणी उपचार होऊ शकतात. पण हाड गळ्याच्या बाजूला मोडले असेल, जुने न जुळलेले असेल, किंवा हाताच्या रक्तपुरवठ्याची शंका असेल, तर मोठ्या रुग्णालयात जाण्यासाठी आधीच विचारलेले बरे. राजूर आणि भंडारदऱ्याकडच्या वाड्यांतून नाशिक किंवा पुणे गाठायला घाटवाटांनी किती वेळ लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेवढा वेळ रक्तस्राव थांबत नाही. म्हणून कुठे जायचे हा निर्णय ऑपरेशनच्या आधी घ्यावा लागतो.

पैशाची चिंता असते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन आधी त्याला भेटा आणि हे ऑपरेशन योजनेत बसते का ते विचारा. कागद घरी राहिला म्हणून परत फिरलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराची कागदांची पिशवी तयार आहे ना, एवढे पाहण्याचे काम मंडळीतील तरुण सहज करू शकतात.

परत येण्याचे वचन

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याने जखमा बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उताराच्या घरी नेले, हे आपल्याला पाठ आहे. त्याने आणखी एक गोष्ट केली, ती आपण घाईत वाचतो. राहिलेला खर्च परत येताना देईन, असे तो सांगून गेला. म्हणजे त्याने परत येण्याचे ठरवले होते. आजच्या भाषेत त्याला फॉलो-अप म्हणतात.

हासळीच्या रुग्णाला हाच भाग सर्वांत कमी मिळतो. टाके निघाले की सगळ्यांना वाटते काम झाले. तेव्हा माझी विनंती अशी. आपल्या गावात कोणाच्याही खांद्याजवळ प्लेट किंवा तार बसवली असेल, तर त्याचे नाव वहीत लिहा. दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी त्याच्या घरी जा. गाठ पाहा, हाताची ऊब पाहा, बोटे हलवायला सांगा, एक्स-रे झाला का विचारा. तो ऊसतोडीला गेला असेल तर फोन करा आणि त्याच्या बायकोलाही ही लक्षणे सांगून ठेवा. वर्षभराने प्लेट काढायची ठरली, तर पुन्हा तेच पाच प्रश्न विचारा, कारण काढतानाही रक्तवाहिनी तिथेच असते.

आणि जे सभासद दूर शहरात राहून या कार्याला हातभार लावतात, त्यांना एक सांगते. औषधाला पैसे देणारे पुष्कळ मिळतात. पण मोडलेल्या हाताच्या मजुराला तीन महिने घरी बसता यावे म्हणून त्याच्या घरात धान्य भरणारा क्वचित मिळतो. त्या तरुणाच्या घरात दोन पोती ज्वारी असती, तर सहाव्या आठवड्यात त्याने मोळी उचलली नसती. आपली पुढची वर्गणी कशासाठी द्यायची हे ठरवताना त्या दोन पोत्यांचा विचार करावा.

या गावाने पाण्याचा हिशेब ठेवला. आपण आपल्या रुग्णांचा ठेवू या. आज घरी जाताना प्रत्येकाने एक वही घ्यावी आणि पहिल्या पानावर आपल्या वस्तीतले, या वर्षात हाड मोडलेले पहिले नाव लिहावे. उद्या त्या घरी जावे.

देव आपल्या हातांना बळ देवो.